दुसरा कप

शाळेतल्या अंध मुलांसाठी चित्रपटांची वर्णनं लिहिण्यात माझ्या संशोधनाची अकरा वर्षं गेली. एका वर्णनाच्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी ते सातवीतल्या अंध मुलीला वाचून दाखवलं. ‘मुलाची वाट पाहणारी आई उदास होते,’ इथे तिने थांबवलं. “मॅडम, उदास आहे की नाही ते मी ठरवीन. तुम्ही फक्त ती काय करते ते सांगा.” मी दृश्य पुन्हा लावलं. “टेबलावर दोन कप मांडते. मग एक उचलून कपाटात ठेवते.” “मुलगा येणार नसल्याचं तिला तोवर कळलं होतं का?” “नाही, त्याचं पत्र नंतर येतं.” मुलगी हळूच म्हणाली, “म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं!” ते दृश्य मी चाळीस वेळा पाहिलं होतं. रेकॉर्डिंग पुढे ढकलून मी वर्णनाचं पहिलं पान उघडलं आणि ‘आनंदाने’ हा शब्द खोडला.