शेजारची खाट

धरणाचं पाणी खालच्या शहराला सोडायचं की नाही, यावरची जाहीर सुनावणी संपली. वरच्या शहराच्या बाजूने दादा असे तावातावाने बोलले, की पाणी न सोडण्याचाच निर्णय झाला. लोकांनी त्यांना अक्षरशः डोक्यावर घेतलं.

खालच्या शहरात दिलेली त्यांची धाकटी बहीण विरोधात बोलली होती. ती बाहेर पायरीवर बसलेली दिसली.

"रागावलीस?"

"नाही रे दादा. पण माझं डायलिसिस होतं ते हॉस्पिटल आता पाण्यावाचून बंद पडणार. तुझ्याकडे राहायला येऊ?"

दादांना गलबलून आलं. "विचारतेस काय वेडे! आजच चल."

ती उठली नाही.

"माझ्या शेजारच्या खाटेवर कॉलेजातली एक पोर असते," ती म्हणाली. "तिला इथे भाऊ नाही."