एक जूनची मुलं

“दाखल्यात जात कुणबी, अर्जात कोरकू. मास्तर, खरं कोणतं?” वामनरावांनी विचारलं.

“अर्जातलं,” भगवानराव मास्तर म्हणाले. “दाखल्यात मी थाप मारली.”

सोनाळ्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीवरचा तुळशीराम मॅट्रिक झाला होता. आदिवासींसाठीची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर नागपूरचं कॉलेज, नाहीतर ठेकेदाराकडे बांबूतोड. चौकशीला बुलढाण्याच्या कचेरीतून वामनराव आले होते, नुकतेच मेहकरहून बदलून आलेले.

मास्तरांची रीतच होती. वस्तीवरचं पोर शाळेत आलं की आपल्या आवडीचं नाव द्यायचं, जन्मतारीख एक जून ठोकायची आणि जातीपुढे कुणबी लिहून मोकळं व्हायचं. मग पोराला दाराबाहेर बसवायची कुणाची छाती होत नसे. इतकी सरळ मनाची लबाडी दुसऱ्या कुणाला जमली नसती.

दोघे वस्तीकडे निघाले.

“सासरेबुवा काय म्हणतात?” वाटेत मास्तरांनी विचारलं.

“उकंडराव मजेत आहेत. धाकटीला स्थळ बघताहेत. मुलाच्या सात पिढ्या उकरून काढतात.”

“तुमच्या नाही काढल्या?”

“माझा दाखला पाहिला, तेवढ्यावर भागलं.”

झोपडीत शिरताना मास्तरांचं टाळकं चौकटीला आपटलं. वामनराव आधीच वाकले होते. आत तुळशीराम धुतलेला सदरा घालून बसला होता. त्याच्या आईनं, गोजरबाईनं, चहा आणला. मास्तरांचा दुधाचा, वामनरावांचा कोरा. वामनरावांना दूध सोसत नसे.

“बाई, मुलं किती?”

“एकच, साहेब. हाच.”

“नीट आठवून सांगा. कागदावर जाणार आहे.”

“पोरं काय आठवून मोजा लागतात? एकच हाय.” ती चुलीकडे वळली आणि उगाचच लाकडं पुढे-मागे करू लागली.

मास्तर खाकरले. “वामनराव, चूक माझी. मी लिहून देतो. पेन्शन गेली तर जाऊ द्या.”

“तुमचं चालणार नाही. दाखला खोटा ठरवायचा तर सख्ख्या नातेवाइकाचा जबाब लागतो. तोही शिकलेल्या, सही करणाऱ्या. बाईंचा अंगठा पुरणार नाही.”

“आमच्यात शिकलेला मीच पयला,” तुळशीराम हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “जाऊ द्या साहेब. बांबू काई पळून नाई चालले.”

वामनरावांनी चहा संपवला. मग चौकशीच्या कागदावर त्यांनी एकच ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली, “ही चौकशी मला करता येत नाही. दुसरा अधिकारी नेमावा.”

तुळशीरामचा चेहरा पडला. त्याला फार वाईट वाटलं, पण तो मान ताठ ठेवून बसला.

वामनरावांनी कोरा कागद घेतला. “जबाब देणाऱ्याचं नाव,” असं पुटपुटत ते लिहू लागले.

“नका लिहू, साहेब,” गोजरबाई चुलीपासून म्हणाली.

ते थांबले नाहीत. लिहून झाल्यावर कागद मास्तरांकडे दिला. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचलं, “वामन. जन्म एक जून. जात कोरकू. अर्जदाराशी नातं, थोरला भाऊ.”

वामनरावांनी कप पुढे केला.

“माय, चहा अजून हाय का वं?”