खालची कड शेवटी

वरची कड

"सोमवारपासून वळवायचं बंद, तात्या," शिवतेज म्हणाला. "कॅनव्हास बोर्डवर सपाट चिकटवायचा, चारी बाजू कटरनं उडवायच्या, वरून पट्टीची फ्रेम. सीवूड्सच्या दुकानाला तसंच पाहिजे."

धनाजीतात्यांनी स्टेपलर खाली ठेवला नाही. समोर लाकडी चौकट होती आणि तिच्यावर नाकावर चष्मा ठेवून पेपर वाचणारी म्हैस. चित्राभोवती दोन-दोन इंच कापड जास्तीचं असतं. ते ओढून चौकटीच्या मागे वळवायचं आणि पिना ठोकायच्या. रबाळ्याच्या त्या शेडमध्ये तात्या अकरा वर्षं हेच करत होते.

"मागं वळल्याबिगर कापड ताठ ऱ्हात न्हाय."

"बोर्डवर राहतं. आणि तुमचं काय जातंय? पगार तोच. उलट सुपरवायझर करतो तुमाला. सख्खा पुतण्या आहे, रस्त्यावर सोडीन का?"

तात्यांनी एक पिन ठोकली. मग दुसरी.

डावी कड

चित्रं पुण्याच्या एका एजन्सीकडून यायची. काढणारी कोण, शिवतेजला ठाऊक नव्हतं. त्याला खपाशी मतलब. सहीच्या जागी शेळीच्या खुराचा ठसा असायचा, म्हणून प्रिंटिंग मशीनवरची नमिता तिला खूरवाली म्हणायची. हेल्मेट घातलेली कोंबडी, छत्री धरलेला खेकडा, चिंचेखाली बसून चिंचा खाणारी शेळी. ही शेळी तर उन्हाळाभर घराघरांत गेली.

खूरवालीच्या चित्रांना तात्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. शिव्याही तिलाच जास्त घालत. "एवढी कड कशाला सोडती ही बया? कापड काय फुकट येतं?"

"तात्या, म्हशीला चश्मा लागला, तुमाला कदी लागनार?" नमिता मशीनवरून ओरडायची.

तात्यांचं सगळं काम हाताच्या अंदाजानं. चष्मा खिशात. तीन बाजू ठोकून झाल्या आणि खालची कड उरली की मात्र तो बाहेर निघायचा. खालची बाजू तिरकी गेली तर अख्खं चित्र तिरकं दिसतं, असं ते सांगायचे. पटण्यासारखं होतं.

प्रत्येक नव्या चित्राची पहिली प्रत मंजुरीसाठी एजन्सीमार्फत चित्रकाराकडे जायची. तीही तात्याच बांधत. एकदा ते चौकटीच्या आतल्या लाकडावर पेन्सिलीनं लिहिताना शिवतेजला दिसले.

"काय लिहिता?"

"माप."

"चार ओळी माप?"

"लाकूड फुगतं बाबा. ल्हिवून ठिवल्यालं बरं."

उजवी कड

गुरुवारी डबा खाताना शिवतेजनं विषय पुन्हा काढला. कटर आला होता, बोर्ड आले होते, एजन्सीला त्यानं कळवूनही टाकलं होतं, की पुढच्या महिन्यापासून कड सोडू नका, चित्र तेवढंच पाठवा.

तात्यांचा घास हातातच राहिला.

"तुमचा हट्ट म्हणजे ना," शिवतेज हसला. "उज्वलाच्या वेळी पण..."

तीन वर्षांपूर्वी तात्यांच्या मुलीनं, उज्वलानं, आपल्या मनानं लग्न केलं. गावाकडे भावकी बसली. तात्यांनी सगळ्यांसमोर पालीच्या खंडोबाचा बेलभंडारा उचलला : हिच्याशी बोलणार नाही, हिचं तोंड बघणार नाही. तेव्हापासून घरात तिचं नाव नाही. काकू रडून दमली. फोन वाजला की तात्या उठून गॅलरीत जात.

"एवढं ताणायला नको होतं, तात्या. काकूकडे बघवत नाही."

"शपत म्हंजे शपत," तात्या म्हणाले. "जेवढी घेतली तेवढी पाळायची."

त्यांनी डबा बंद केला. अर्धा तसाच होता.

"त्या खूरवालीचं पुढचं चित्र कधी हाय?"

"का? तिला तर शिव्या घालता."

"कधी हाय?"

"शनिवारी. सोमवारची वाट न बघता त्याच्यापासूनच सपाट सुरू करू म्हणतो."

"तेवढं वळवू दे. मग तू म्हनशील तसं."

शिवतेज बघत राहिला. अकरा वर्षांत तात्यांनी त्याच्याकडे सुट्टीसुद्धा मागितली नव्हती.

"एका चित्रासाठी एवढं?"

"आता मागतोय म्हंजे दे की."

खालची कड

शनिवारी नमितानं मशीनमधून प्रिंट काढला आणि हसत सुटली. "आवो तात्या, ही बगा! चिंचा खाणारीच हाय ही!"

तीच शेळी होती. या वेळी तिनं झाडाच्या फांदीला साडीची झोळी बांधली होती आणि एका खुरानं दोरी ओढत होती. झोळीतून नुसते दोन कान बाहेर आलेले.

"सीवूड्सला शंभर जातील," शिवतेज म्हणाला. "सपाट छान दिसलं असतं."

तात्यांनी प्रिंट पालथा घातला आणि त्यावर चौकट ठेवली. वरची कड ठोकली. डावी. उजवीला एक पिन वाकडी गेली, ती काढून पुन्हा मारली. तात्यांची पिन वाकडी गेलेली नमितानं पहिल्यांदाच पाहिली.

"ऱ्हाऊ द्या, मी धरू का?"

"नको. तू जा, च्या सांग."

ती गेली. शिवतेज फोनवर बोलत दाराबाहेर गेला. तात्यांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, लावला आणि खालची कड बोटांनी उलटी केली. तिच्यावर गवत रंगवलेलं होतं. गवतात, प्रत्येक खेपेला असायची तिथेच, गवताच्याच रंगाची, मुंगीएवढी अक्षरं होती.

"तात्या, मुलगी झाली. शपथ माझं तोंड न बघण्याची आहे. हिचं नाही."