मक्यातला बुक्का

हिंजवडीच्या कंपन्यांमागं मुक्ताईचा मका पाण्यावाचून माना टाकत होता. बोअरचं पाणी आटलं, शेंड्यांत लष्करी अळी शिरली आणि कणसांवर काणी रोगाचे फुगे धरले, आत काळी भुकटी भरलेले. दोन गायींची वैरण तेवढीच. ती गेली तर गायी विकाव्या लागणार होत्या.

फुगे फुटायच्या आत काढून टाकावेत म्हणून मुक्ताई भरदुपारी शेतात शिरली आणि हरखून ओरडली, "अहो, पळत या! काणी गेली! वैरण वाचली!"

सगळे फुगे रिकामे होते. भुकटी मात्र ना पानांवर सांडली होती, ना मातीत. अळ्यांची करकर तेवढी चालली होती, कीर्तनाआधी मंडपात कुजबुज चालते तशी.

रावसाहेब गायी घेऊन बांधावर आले. त्यांना बघून बायकोला हसू फुटलं.

"गायींनाबी बुक्का लावलात? अन् स्वतःलाबी! कुठं कीर्तन हाय, अन् मला बोलावलं न्हाई?"

"मला तेवढाच उद्योग हाय!" म्हणत रावसाहेबांनी कपाळ पुसलं आणि काळ्या झालेल्या बोटाकडं बघतच राहिले.

मुक्ताईचं हसू ओसरलं. बुक्का मंडपात फिरून लावतात तसाच होता, भुवयांच्या मधोमध, बोटाएवढा. शेवटच्या माणसाला तो लागला की बुवा कीर्तनाला उभे राहतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

तेवढ्यात मागून एक गार बोट तिच्या कपाळावर टेकलं.

मक्यातली करकर एकदम थांबली.