चोवीस गेज

"वीस गेजची सुई शिरेत जात नाही, बावीसची दे," नर्स सोबतिणीला म्हणाली. तीही जमेना, तेव्हा तिनं चोवीसची मागवली.

"आकडा वाढतोय. म्हणजे सुधारतेय ना हो मी?" खाटेवरून अनसूयेनं विचारलं.

उशाशी तिचा नवरा तुळशीराम बसला होता. उभा जन्म त्यानं पत्र्याच्या कोठ्या घडवल्या होत्या. गेजचा आकडा चढला की पत्रा पातळ होतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. सुयाही तशाच बारीक होत चालल्या होत्या.

"सुधारतेयस तर काय!" तो म्हणाला.

दुकानदारानं पातळ पत्रा गळ्यात मारला, की तो भांडून जाड बदलून आणायचा. आता भांडायचं कुणाशी? तिचं मनगट दोन्ही हातांत धरून तो नुसता बसून राहिला.