एक मत कमी

“आपल्यातलाच कोणी तरी गद्दार निघाला, रघुनाथराव!” प्रचार सांभाळणाऱ्या भैय्याजींनी मतमोजणीचा कागद ओसरीवरच्या टेबलावर आपटला. “एका मतानं हारलो ना बाप्पा!”

रघुनाथरावांनी कागदाची घडी घातली. कारगिलहून हा माणूस पदक घेऊन परतला, फौजेतून निवृत्त झाला आणि सौंसरजवळच्या या गावात, निवडणूक लांबल्यानं पाचाऐवजी सात वर्षं, सरपंच राहिला. गावाच्या वर, टेकडीच्या उतारावर असलेल्या टोल्यावरच्या बायका अजून अर्धा कोस उतरून पाणी भरत. त्या वस्तीत नळ न्यायचा, एवढा एकच ध्यास. टाकीचा पैसा मंजूर झाला आणि नेमकी सरपंचाची जागा महिलांसाठी राखीव झाली.

तर काय बिघडलं? नाव बायकोचं, खुर्ची नवऱ्याची, हा आपल्याकडचा न लिहिलेला कायदा. पोस्टरवर रघुनाथराव वर्दीत, हातभर मोठे. उमेदवार कलाबाई कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढ्या.

समोर केशवरावांची देवकाबाई. पण ही बया नवऱ्याला घरी बसवून स्वतःच सभेत उभी राहिली. “टाकी गावात बांधून पाणी टोल्यावर चढन का? टेकडीच्या माथ्यावर बांधा,” म्हणाली.

लोक हसले. फौजीला शहाणपण शिकवते! दुसऱ्या दिवशी रघुनाथराव एकटेच टेकडी चढून आले. त्यानंतर त्यांचा प्रचार जरा थंडावला. भैय्याजींना वाटलं, गुडघा दुखत असेल.

“त्या गद्दाराले शोधतोच मी,” म्हणत भैय्याजी तरातरा निघून गेले.

कलाबाईंनी चहा आणून ठेवला. गोष्ट पोटात ठेवणं त्यांना जमेना.

“भैय्याजीले म्हणा, शोधू नका. मीच देल्लं देवकाले मत.”

रघुनाथरावांनी चहाचा कप पुढे ओढला.

“तिले टाकीचं समजते. मले नुसती सही येते. टोल्यावरच्या बायकाइनं किती दिवस डोक्यावर पाण्याचे गुंड वाहाचे? आता रागवाचं तं रागवा.”

बाहेर देवकाबाईची मिरवणूक वाजतगाजत टोल्याकडे वळली होती. रघुनाथरावांना एकदम हलकं वाटलं.

“रागवू कायले?” ते बशीत चहा ओतत म्हणाले. “माझा ठप्पा बी तिच्याच नावावर हाय.”