रांगेबाहेरचे खड्डे

“या तुझ्या,” म्हणत सुधींद्रनं चार चकत्या सुप्रीतापुढं सरकवल्या आणि दुसऱ्या चार स्वतःच्या डबीत ठेवल्या. “सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसू नकोस. सरळ पेशी पेर.”

बघू नकोस म्हटल्यावर कोण बघणार नाही?

प्लास्टिकच्या त्या चकत्यांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे होते. औषध न घालता, केवळ त्या खड्ड्यांच्या स्पर्शानं मूलपेशींचं हाड व्हायला हवं होतं. ज्याच्या चकतीवर होईल, त्याला महानंदा मॅडम प्रयोगशाळेत कायम करणार होत्या. दुसऱ्यानं आपला रस्ता धरायचा. सुप्रीताचा रस्ता खानापूरला जात होता, आणि तिथं बाबांनी स्थळ बघून ठेवलं होतं.

सुधींद्र चहाला गेला तशी तिनं चकती मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. खड्डे सगळे वेडेवाकडे, पिऊन आल्यासारखे. मग त्याची डबी उघडली. तिथले मात्र कवायतीच्या पोरांसारखे रांगेत!

“वा रे अण्णा!” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं डब्यातली भाकरी वाटून खाल्ली, ती यासाठी? चिकपेठेत बापाचं कापडदुकान असलेल्याला तिच्या तोंडचा घास कशाला हवा होता?

तिनं चकत्यांची अदलाबदल केली. जशास तसं! वरून बघायला दोन्ही सारख्याच.

“स्वल्प चहा आणलाय तुला,” सुधींद्र परत येऊन म्हणाला. तिनं हसून घेतला. मग दोघांनी आपापल्या चकत्यांवर पेशी पेरल्या.

तीन आठवड्यांनी मॅडमनी दोन्ही बश्यांत रंग घातला. हाड धरलेलं असेल तिथं तो लाल चढतो. एक बशी लालभडक झाली. दुसरी कोरीच राहिली.

लाल बशी सुधींद्रची होती.

“तू राहायचंस,” मॅडमनी त्याची पाठ थोपटली आणि त्या निघून गेल्या. सुप्रीतानं आपल्या कोऱ्या बशीवर झाकण ठेवलं. सुधींद्र मात्र खुळ्यासारखा त्या लाल बशीकडे बघत होता.

“असं कसं झालं गं?” तो हळूच म्हणाला. “ओळ मोडली तरच हाड धरतं, हे मला आधीच कळलं होतं. म्हणून तर मोडक्या ओळीच्या तुला दिल्या. खराब समजून परत करशील, म्हणून बघू नको म्हटलं. मला काय, बापाचं दुकान होतंच की.”